स्ट्रॉ, चष्मा आणि डासांची बाटली

अलिबागच्या किनाऱ्याकडे निघालेल्या पर्यटकाचं सगळं लक्ष कुलाबा किल्ल्याकडे असतं. ओहोटी कधी, घोडागाडी मिळेल का, चालत जाता येईल का, एवढीच चौकशी. पण गावातच, समुद्रापासून फार लांब नाही अशा ठिकाणी, काळ्या दगडांचा आणखी एक कोट आहे. तो हिराकोट. कान्होजी आंग्र्यांनी १७२० च्या सुमारास बांधलेला; खजिना ठेवायला बांधला असं सांगतात. इंग्रजांनी तो तुरुंगासाठी वापरला आणि आजही तो तुरुंगच आहे, रायगडचं जिल्हा कारागृह. याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात, तळोज्याचं मध्यवर्ती कारागृह आहे. ते हिराकोटापेक्षा कितीतरी मोठं आणि वर्तमानपत्रांत वरचेवर येणारं. एक आंग्र्यांच्या काळातलं, एक आपल्या काळातलं. दोन्हींच्या आत माणसं आजारी पडतात, बरी होतात, झोपेवाचून रात्री काढतात आणि एक दिवस बाहेर येतात.

ही माणसं आजारी पडली की नेमकं काय होतं, हे शोधायला लागलं की पहिलं आश्चर्य वाटतं ते अगदी साध्या वस्तूंचं. आपण बाहेर दिवसभरात स्वतःवर किती उपचार करतो याचा आपल्याला पत्ताच नसतो. तहान लागली की उठून पाणी पितो. उकडलं की खिडकी उघडतो. डोकं दुखलं की डब्यातली गोळी घेतो, डास चावले की कॉइल लावतो, नीट दिसेना की चष्मा पुसतो. तुरुंगात यातली बरीचशी कामं अर्जाची होतात. मग आपण ज्यांना औषधात धरतही नाही अशा वस्तू औषध होऊन बसतात.

तळोज्याच्या जाहीर नोंदींत अशा तीन वस्तू आहेत.

पहिली स्ट्रॉ. आदिवासींसाठी काम करणाऱ्या फादर स्टॅन स्वामी यांना एल्गार परिषद खटल्यात ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीत अटक झाली आणि तळोज्यात ठेवलं गेलं. वय ८३, आजार पार्किन्सनचा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांनी विशेष न्यायालयात अर्ज केला: पाणी पिण्यासाठी आपली स्ट्रॉ आणि सिपर मिळावा. तपास यंत्रणेला उत्तरासाठी वीस दिवसांची मुदत मिळाली. २६ नोव्हेंबरला यंत्रणेने सांगितलं की स्ट्रॉ-सिपर आम्ही घेतलेलाच नाही. मधल्या काळात देशभरातून लोकांनी तळोज्याच्या पत्त्यावर सिपर पाठवायला सुरुवात केली. सिपर दिला आहे, असं तुरुंगाकडून पुढे सांगण्यात आलं. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात असतानाच, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते वारले.

खटल्यातलं खरंखोटं बाजूला ठेवू आणि स्ट्रॉकडे बघू. मेंदूच्या तळाशी, खोलवर, काळसर पेशींचा एक पट्टा असतो. तिथे डोपामिन नावाचं रसायन तयार होतं आणि हालचाली गुळगुळीत होतात त्या त्याच्यामुळे. पार्किन्सनमध्ये या पेशी मरत जातात. हात सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा हलायला लागतो, हालचाल मंदावते, पुढेपुढे गिळणंही अवघड होतं. अशा हातातल्या पेल्यातलं पाणी ओठांपर्यंत येईतो अर्धं सांडतं. माणूस मग पाणी प्यायचंच टाळतो. म्हातारपणी पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग, भ्रम असं एकामागून एक सुरू होतं. बाजारात काही पैशांना मिळणारी नळी ही साखळी तोडते.

याच आजाराच्या गोळीची गंमत तर आणखी निराळी. लेव्होडोपा हे त्याचं मुख्य औषध. ते रक्तात फार वेळ टिकत नाही. तासा-दीड तासात निम्मं होतं. शिवाय जेवणातल्या प्रथिनांशी त्याची आतड्यात स्पर्धा लागते. डाळ, दूध, अंडं यांच्याबरोबर घेतलं तर गोळी पोटात असूनही मेंदूपर्यंत कमी पोचते. म्हणून ती जेवणाआधी आणि घड्याळ लावून घ्यायची. तुरुंगातही घड्याळ आहेच, पण ते सगळ्यांसाठी एकच. हजेरी, चहा, जेवण, बंद, उघड. औषधवाटपाची फेरीही त्याच घड्याळावर चालते.

मधुमेह्यांचंही तसंच. आपल्याकडच्या तुरुंगांत रात्रीचं जेवण दिवस मावळायच्या आधी मिळतं, कारण मग बराकी बंद व्हायच्या असतात. पुढचा घास सकाळी. इन्शुलिन घेणाऱ्याच्या रक्तातली साखर मध्यरात्री घसरली तर त्याला घाम फुटतो, हातपाय थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. घरी बायको उठून साखर-पाणी देते. बराकीत शेजारच्याने ते वेळीच ओळखावं लागतं. पहाऱ्यावरच्या माणसाला हाक मारावी लागते, त्याने वरिष्ठांना उठवावं लागतं. म्हणून जाणते बंदी पोळीचा तुकडा किंवा बिस्किटं उशाशी ठेवतात. वैद्यकशास्त्रही हाताशी काहीतरी खायला ठेवायलाच सांगतं.

दुसरी वस्तू चष्मा. त्याच खटल्यातल्या गौतम नवलखा यांचा चष्मा नोव्हेंबर २०२० मध्ये तळोज्यात चोरीला गेला. घरच्यांनी पाठवलेला नवा चष्मा तुरुंगाने स्वीकारला नाही, अशी तक्रार झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने माणुसकी सर्वांत महत्त्वाची असल्याचं सुनावलं आणि तुरुंग अधिकाऱ्यांसाठी एखादी कार्यशाळा घ्यायची वेळ आली आहे, असंही म्हटलं.

तिसरी वस्तू बाटली. २०२२ च्या नोव्हेंबरात तळोज्यातला एक कैदी मुंबईच्या सत्र न्यायालयात मेलेल्या डासांनी भरलेली प्लॅस्टिकची बाटलीच घेऊन आला. मच्छरदाणी वापरू द्या, एवढंच मागणं. तुरुंगाने सुरक्षेचं कारण दिलं, अर्ज फेटाळला गेला आणि ओडोमॉससारखं काही लावा असं सांगण्यात आलं. हसू येण्यासारखा प्रसंग आहे, पण त्याच्यात तुरुंगाच्या वैद्यकातली एक खरी अडचण लपलेली आहे. जाळी हिवतापापासून वाचवते. तीच जाळी आणि तिच्या दोऱ्या, निराश झालेल्या माणसाच्या हाती पडल्या तर जिवावर बेततात. पनवेल-तळोजा हा खाडीकाठचा, दलदलीचा पट्टा. डास तिथे असणारच. शरीर जपावं तर मनाची भीती आणि मन जपावं तर शरीराला ताप. हे कोडं एका मच्छरदाणीत मावलंय.

आता दुसरं आश्चर्य. हे सगळं आपल्या कायद्याला सव्वाशे वर्षांपासून ठाऊक आहे.

१८९४ चा कारागृह कायदा इंग्रजांचा. मी तो वाचायला घेतला तेव्हा बेड्या, काळकोठड्या आणि फटक्यांचा कायदा असेल अशीच अपेक्षा होती, आणि फटके त्यात आहेतच, तीसपर्यंत. पण मध्येमध्ये त्यात एक डॉक्टर वावरतो. बंदी आत आला की त्याला तपासायचं आणि अंगावरच्या जखमा-खुणा लिहून ठेवायच्या. श्रमाच्या कामावर असलेल्या प्रत्येकाचं वजन पंधरा दिवसांतून एकदा तरी करून त्याच्या हिस्टरी तिकिटावर, म्हणजे नोंदीच्या कार्डावर, लिहायचं. कोणी एकटा चोवीस तासांपेक्षा जास्त कोठडीत असेल तर त्याला दिवसातून एकदा तरी बघायला जायचं. आणि चौदावं कलम तर चकित करतं: तुरुंगातल्या शिस्तीने किंवा वागणुकीने एखाद्या बंद्याच्या मनावर अपाय होतोय किंवा होईल असं डॉक्टरला वाटलं, तर त्याने ते अधीक्षकाला लेखी कळवायचं. १८९४ साल! फ्रॉइडचं स्वप्नांवरचं पुस्तकही तेव्हा यायचं होतं.

याच डॉक्टरवर त्या कायद्याने आणखी एक काम टाकलं. फटके मारण्याआधी हा माणूस फटके सोसायला तंदुरुस्त आहे, असा दाखला द्यायचा. एकाच टेबलावर, एकाच टाकाने, एका कागदावर मनाची काळजी आणि दुसऱ्यावर फटक्यांची परवानगी. तुरुंगातल्या डॉक्टरचा हा दुहेरी धर्म अजून पुरता सुटलेला नाही. तो पगार तुरुंगाच्या बाजूने घेतो आणि रुग्ण भिंतीच्या आतल्या बाजूला असतो.

कैदी नामवंत असला की मात्र यंत्रणा कशी पळते, याचं उदाहरण पुण्याचं आहे. १९२४ च्या जानेवारीत येरवड्यात शिक्षा भोगणाऱ्या गांधीजींच्या पोटात कळा सुरू झाल्या. आंत्रपुच्छाचा दाह निघाला. त्यांना ससून रुग्णालयात हलवलं आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. त्याआधी गांधीजींनी स्वतःच्या संमतीचं निवेदन लिहून सही केली, कारण काही बरंवाईट झालं असतं तर देश पेटला असता, हे सरकारलाही कळत होतं आणि त्यांनाही. शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली. उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. ५ फेब्रुवारीला त्यांची उरलेली शिक्षा माफ करून सुटका झाली. हे सगळं वाचताना मला मात्र सारखा प्रश्न पडतो तो त्याच रात्री येरवड्याच्या दुसऱ्या बराकीत पोट धरून बसलेल्या, नाव नसलेल्या माणसाचा.

तुरुंगाने वैद्यकशास्त्राला काय दिलं, ही कथा तर फारशी कोणी सांगतच नाही. आणि ती भातखाऊ कोकणाला अगदी जवळची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच लोकांच्या ताब्यातल्या जावा बेटावर बेरीबेरीने थैमान घातलं होतं. पाय बधिर होत, सुजत, मग हृदय थकत जाई. सगळे जंतू शोधत होते. आइकमन नावाच्या डॉक्टरच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांनाही असाच आजार झाला आणि काही महिन्यांनी तो आपोआप बरा झाला. कारण निघालं स्वयंपाकघरात. कोंबड्यांना लष्करी इस्पितळाचा शिजवलेला पांढरा भात घातला जात होता. नवा आचारी आला आणि त्याने लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला, म्हणून त्यांच्या नशिबी कोंड्यासकटचा तांदूळ आला. पण माणसाचं काय? कोणाला मुद्दाम महिनोन्‌महिने एकाच प्रकारचा भात खायला घालून बघता येत नाही. तुरुंगांत मात्र तेच, कोणी प्रयोग म्हणून न ठरवता, वर्षानुवर्षं चालू होतं. व्हॉर्डरमन नावाच्या अधिकाऱ्याने १०१ तुरुंगांतल्या सुमारे २ लाख ८० हजार बंद्यांची माहिती गोळा केली. जिथे पांढरा सडीक तांदूळ, तिथे ३९ बंद्यांमागे एकाला बेरीबेरी. जिथे कोंडा राखलेला तांदूळ, तिथे दहा हजारांत एकही धड नाही. तुरुंगाची हवा, गर्दी, इमारतीचं वय, सगळं तपासलं, फरक तांदळाचाच. याच वाटेने पुढे जीवनसत्त्वांचा शोध लागला आणि १९२९ मध्ये आइकमनना नोबेल मिळालं. आपल्या आज्या हातसडीचा तांदूळ का चांगला म्हणत आणि तळकोकणातला उकडा भात खाणाऱ्याला बेरीबेरी का होत नाही, याचंही उत्तर यातच आहे: भात उकडताना कोंड्यातलं बी-१ दाण्यात शिरतं, मग तो सडला तरी सगळं जात नाही.

मुंबईतही तेच घडलं, पण इथे प्रयोग ठरवून झाला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. हाफकिन या जंतुशास्त्रज्ञाने लस तयार केली, १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात, जिथे प्लेग शिरला होता, तिथल्या तयार झालेल्या बंद्यांना टोचली. न टोचलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला, सहा दगावले. टोचलेल्यांत दोघांना झाला, दगावलं कोणी नाही. लाखो लोकांना पुढे ही लस मिळाली. भायखळ्याच्या बराकीत उभं राहून 'हो' म्हणणाऱ्या माणसाला 'नाही' म्हणायची कितपत मोकळीक होती, हे मात्र त्या आकड्यांत दिसत नाही. आज बंद्यांवर औषधांच्या चाचण्या करण्याला कडक बंधनं आहेत ती याच शंकेमुळे.

शरीराचं झालं. मन जास्त अवघड, कारण तिथे शत्रू दिसत नाही.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती आणि त्यातली ४ लाख ३४ हजार न्यायाधीन. म्हणजे चारातल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. सिद्धदोष बंद्याला निदान आपली शिक्षा माहीत असते. तो माफीचे दिवस मोजतो, संचित रजा (फर्लो) कधी लागू होईल याचा हिशेब मांडतो, अभिवचन रजेवर (पॅरोलवर) बहिणीच्या लग्नाला जायची तयारी करतो. न्यायाधीन बंद्याकडे फक्त 'तारीख' असते. तारखेला न्यायालयात न्यायला पोलीस पार्टी मिळाली नाही, तर नवी तारीख. न्यायाधीश रजेवर, तर नवी तारीख. आता ती व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, होते: पडद्यासमोर उभं राहायचं, नाव ऐकायचं, पुढची तारीख ऐकायची, बराकीत परत.

मेंदूला हे किती जाचक वाटतं, याचा एक सुंदर प्रयोग लंडनमध्ये झाला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वयंसेवकांना पडद्यावरचे दगड उलटून बघायचे होते. खाली साप निघाला की हाताला विजेचा झटका. संशोधकांनी त्यांचा घाम, डोळ्यांच्या बाहुल्या, सगळं मोजलं. झटका नक्की बसणार हे माहीत असताना ताण कमी होता. सगळ्यांत जास्त ताण होता तो शक्यता अर्धी-अर्धी असताना. मेंदूला ठरलेलं दुःख पेलतं. बसेल की नाही याची टांगणी पेलत नाही. तुरुंगातल्या न्यायाधीन माणसाचं अख्खं वर्ष त्या अर्ध्या-अर्ध्या शक्यतेवर काढलेलं असतं.

त्यात झोप नाही. बराकीत दिवा रात्रभर चालू असतो, पहाऱ्याला दिसायला हवं म्हणून. डोळ्यांवर उजेड पडत राहिला की मेंदूतलं मेलाटोनिन नीट सुटत नाही, शरीराचं घड्याळ सरकतं. गर्दीच्या बराकीत कूस बदलायची तर शेजाऱ्यालाही बदलावी लागते. पहिले काही दिवस सगळ्यांत धोक्याचे, हे जगभरच्या तुरुंगांचा अनुभव सांगतो: धक्का, लाज, व्यसन एकदम तुटल्याची तडफड आणि घरी काय चाललंय याचा पत्ता नाही. आपल्याकडे तुरुंगातल्या अनैसर्गिक मृत्यूंत आत्महत्या सर्वांत जास्त असतात. म्हणून आत आल्या दिवशी डॉक्टरने छातीला नळी लावण्याइतकंच 'काल झोपलास का, घरी कोण आहे, दारू किती होती' हे विचारणं महत्त्वाचं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हे लेखी आणलं. प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मनोरुग्णांसाठी स्वतंत्र सोय हवी. तुरुंगाच्या डॉक्टरने दर तिमाहीला मनोरुग्ण बंद्यांविषयी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला अहवाल द्यायचा. आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. १८९४ च्या चौदाव्या कलमातला तो लेखी अहवाल इथे थोरला होऊन परत आला, असं मला वाटतं. फरक एवढाच की तेव्हा तो अधीक्षकाकडून महानिरीक्षकापर्यंत, म्हणजे तुरुंगखात्यातच, फिरायचा.

मनाला तगवायला कायदा लागतोच असं नाही, एक ठरलेला वार पुरतो कधीकधी. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात होते. बंद्यांनी गळ घातली म्हणून ते दर रविवारी गीतेवर बोलू लागले. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी शेजारी बसून उतरवून घेत. त्यातून 'गीता प्रवचने' झालं, हे सगळ्यांना माहीत. मला त्यातला रविवार महत्त्वाचा वाटतो. आठवड्याला आकार आला. सोमवारी कालचं बोलणं आठवायचं, शनिवारी उद्याची वाट बघायची. आजचे मानसोपचारतज्ज्ञ निराश रुग्णाला दिवसाचं वेळापत्रक आखायला लावतात आणि त्यात वाट बघावीशी वाटेल अशी एक गोष्ट घाला म्हणतात. धुळ्यात ती आपसूक घडली.

त्या मानाने फोन लहान गोष्ट. २०२३ मध्ये येरवड्यात स्मार्ट कार्डावर घरी फोन करायची सोय सुरू झाली, आठवड्यातून तीनदा, सहा मिनिटं. सहा मिनिटांत काय बोलणार? पोराचा ताप उतरला का, वकिलाला भेटलात का, पाऊस पडला का. एवढ्याने त्या रात्रीची टांगणी सुटते.

आता तिसरं आश्चर्य, आणि हे सगळ्यांत उलटं. आपल्याला वाटतं, सुटला की संपलं. वैद्यकाच्या नोंदी म्हणतात, सुटला की सुरू झालं.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांवर माणसांचा माग काढला गेला. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा मृत्यूचा धोका त्याच वयाच्या इतर लोकांच्या जवळजवळ तेरापट होता. सर्वांत मोठं कारण अमली पदार्थांचा अतिडोस. याचं गणित सरळ आहे. आत नशा मिळत नाही किंवा थोडी मिळते, तेव्हा शरीराची सहनशक्ती उतरते. मन मात्र जुना डोस विसरलेलं नसतं. सुटल्याच्या रात्री मित्र जमतात, पूर्वी सहज झेपायचा तेवढाच डोस घेतला जातो आणि श्वास थांबतो. आपल्या किनाऱ्यावर अफूपेक्षा दारू जास्त, तरी तत्त्व तेच. व्यसनी बंद्याला सुटण्याआधी कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं: तुझं शरीर आता ते राहिलेलं नाही.

क्षयाचं त्याहून नाजूक. गर्दीत क्षय पसरतो, म्हणून तुरुंगात तो शोधतात आणि औषधं सुरू करतात. साधा कोर्स निदान सहा महिन्यांचा. आणि न्यायाधीन बंद्याला जामीन मिळतो तो अचानक, तिसऱ्या महिन्यात, गोळ्या अर्ध्यावर असताना. त्याला घरी पोचायचंय, गोळ्यांची पिशवी कोणाच्या लक्षात? अर्धवट औषधाने जंतू हट्टी होतो आणि मग तो त्याच्या घरात, गावात फिरतो. निक्षय या सरकारी नोंदणीत रुग्णाची नोंद असेल तर अलिबाग किंवा मुरुडच्या आरोग्य केंद्राला पुढच्या गोळ्या देता येतात. त्यासाठी सुटताना कोणीतरी त्याचा खरा पत्ता विचारून घ्यायला हवा.

इथेच सुटकेच्या तयारीचं सगळं कोडं आहे. शिक्षेची तारीख ठरलेल्या माणसाची तयारी महिनाभर आधी करता येते. चारातल्या तिघांची सुटकेची तारीख कोणालाच माहीत नसते. म्हणजे त्यांची तयारी आत आल्या दिवशीच सुरू व्हायला हवी: औषधांचा कागद तयार, नातेवाइकाचा नंबर लिहिलेला, आधार कार्ड कुठे आहे हे माहीत.

आणि तारीख आली तरी ती किती कागदी असते बघा. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाबाहेर एक जामीनपेटी आहे. सुटकेचा कागद त्या पेटीत संध्याकाळच्या ठरल्या वेळेआधी पडला तर त्या दिवशी सुटका, नाहीतर दुसऱ्या दिवशी. २०२१ च्या ऑक्टोबरात एका नामवंत अभिनेत्याच्या मुलाचा कागद वेळेत पोचला नाही आणि त्याची आणखी एक रात्र आत गेली. सगळ्या देशाने तेव्हा पेटी पाहिली. ज्याला जामीन मंजूर आहे पण जामीनदार नाही, त्याच्या अशा रात्री मोजायला मात्र कॅमेरे नसतात. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या न्यायाधीन बंद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि काही अपवाद सोडून, त्याला बाँडवर सोडायचं. तरतूद चांगली, आणि तसा अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकानेच करायचा आहे, पण आतल्या माणसालाही ती ठाऊक हवी. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबई-ठाण्याच्या तुरुंगांत नेमकं हेच करतो: कागद शोधणं, घरच्यांशी जोडून देणं, सुटल्यावर काम बघणं.

महाराष्ट्राने १ मे २०२२ ला येरवड्यात आणखी एक अचाट गोष्ट सुरू केली. 'जिव्हाळा' नावाचं कर्ज. राज्य सहकारी बँक बंद्याला, आत असतानाच, तारणावाचून ५० हजार रुपयांपर्यंत ७ टक्के व्याजाने देते. फेड त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून. घरात पोरीची फी किंवा वकिलाची रक्कम बंद्याच्या नावाने जाते. पैशापेक्षा याचा गुण वेगळा आहे: आतल्या बापाचं घरातलं स्थान टिकतं. परत जायला घर उरलेलं असणं ही सुटकेची पहिली अट.

या कल्पनेचा जुना नमुना सांगलीच्या आटपाडीजवळ आहे. औंध संस्थानाने १९३९ मध्ये, मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने, तिथे स्वतंत्रपूर वसवलं. बंद्यांनी शेती करायची, भिंत नाही, बायकापोरं सोबत राहिली तरी चालतील. याच भागात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. सिनेमा सगळ्यांना आठवतो. वसाहत अजून चालू आहे, हे थोड्यांना माहीत.

काम हवंच, पण गावात खपणारं काम हवं. नाशिक रोड तुरुंगातले बंदी शाडूच्या गणेशमूर्ती घडवतात. ती कला तिथे पेणच्या एका बंद्याने नेली, असं बातम्यांत आलं होतं. यात मला भारी मौज वाटते: पेणमध्ये मूर्तीचं काम बारमाही, साचे काढणारे, रंग देणारे, डोळे रेखणारे असे सगळे हात लागतात. आत शिकलेला हात बाहेर त्याच गल्लीत कामाला लागू शकतो. कोळीवाड्यातल्या माणसाचं मात्र सुटकेचा महिना कोणता यावर बरंच ठरतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. जूनच्या पहिल्या आठवड्यात सुटलेल्या खलाशाला होडीच नाही, हातात पैसा नाही, दिवसभर घरी बसून लोकांच्या नजरा. ज्या घराला थोडी शेती आहे तिथे लावणीला हात तरी लागतो. सुटकेआधी त्याच्याशी बोलणाऱ्याला हे पंचांग माहीत असावं.

दारात उभ्या माणसाकडे मग काय काय असावं? निदान पंधरवड्याच्या गोळ्या. काय आजार आहे आणि काय चालू आहे, हे मराठीत लिहिलेला एक कागद. घरापर्यंतचं एसटीचं भाडं. आणि त्याला किंवा त्याच्या घरच्यांना रात्री-बेरात्री मनाचं काही विचारायचं झालं तर १४४१६, टेली मानसचा नंबर, २०२२ पासून फुकट चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.